दोन चिकटपट्ट्या

कॉरिडॉर टेपनं मोजून घेतला, तीस मीटर.
दोन्ही टोकांना केशरी शंकू.
बाकावरच्या म्हातारबाबांना पाय आत घ्यायला सांगितलं.
मिरजेत, दवाखान्याच्या पहिल्या मजल्यावर,
फिनेलच्या वासात
निलोफर शिकलगार, वय अकरा,
वजन एकसष्ट,
बोटाला चिमटा लावून उभी.
पायात भावाचे बूट.

मी इंटर्न. हातात स्टॉपवॉच आणि नियमांचा कागद.
पळायचं नाही, सहा मिनिटं चालायचं.
दमलीस तर भिंतीला टेक, घड्याळ थांबणार नाही.
मला वेगळा नियम: मिनिटाला एकच वाक्य,
ठरलेलं, ठरलेल्या आवाजात.
शाबास म्हणायचं नाही. शेजारून चालायचं नाही,
नाहीतर मूल आपल्या चालीनं चालतं
आणि मोजमाप आपलंच होतं.

दुसऱ्या मिनिटाला कान लाल.
तिसऱ्याला मांड्या घासायला लागल्या असाव्यात,
पावलं जरा फाकून पडू लागली.
बाकावरची एक बाई म्हणाली,
'काय खायला घालतात कुणास ठाऊक.'
हळूच म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.
निलोफरनं मान वळवली नाही.
पाठीनं ऐकायची सवय असते काही मुलांना.
'छान चाललंय,' मी म्हणाले. 'तीन मिनिटं उरली.'
घशात दुसरं वाक्य होतं.
ते कागदावर नव्हतं.

चारशे तीस मीटर.
जिथं थांबली तिथं फरशीवर चिकटपट्टी लावली.
किती दमलीस, शून्य ते दहा?
'शून्याला वर्गात भोपळा म्हणतात,' ती म्हणाली.
थोडा श्वास घेतला.
'मलापण.'
मग सातावर बोट ठेवलं.

मी लिहून दिलं, रोज चाळीस मिनिटं,
दम लागावा पण बोलता यावं असा व्यायाम.
वाक्य पाठ होतं माझं.
त्यांच्या गल्लीतलं मैदान पोरांच्या क्रिकेटनं भरलेलं असतं
हे वाक्याला ठाऊक नव्हतं.

अब्बा सितारी करतात.
भोपळे सकाळी गच्चीवर, उन्हाला,
संध्याकाळी खाली. बावीस पायऱ्या.
ते काम तिनं मागून घेतलं.
एका खेपेला एकच भोपळा, पोटाशी धरून.
भाऊ म्हणाला, दोन ने की, लवकर उरकेल.
'म्हणूनच,' म्हणाली.

तीन महिन्यांनी साठ पूर्णांक सहा.
अम्मी काट्याकडे बघत राहिली,
त्यानं उधारी बुडवल्यासारखी.
'चारशे ग्रॅम? भात बंद केला, बेकरी बंद केली,
ईदला शेवयासुद्धा मोजून.'
मी उंची वाढलीय म्हणाले, एक सेंटिमीटर.
तेही पुरेसं झालं नाही.

अब्बा दाराशी उभे, नखांत लाखेचे डाग.
'भोपळा आम्ही वजनावर घेत नाही कधी,' म्हणाले.
'टिचकी मारून घेतो.'
समजावत नव्हते. धंद्यातलं बोलत होते.
लेक ऐकत होती की नाही, कळलं नाही.
ती बुटाची नाडी बांधत होती. या वेळी बूट तिचे.

पुन्हा शंकू. पुन्हा ठरलेलं वाक्य.
कान पुन्हा लाल, पाचव्या मिनिटाला.
चारशे ब्याण्णव.
किती दमलीस?
'सात.'
मी वाट बघितली. सातच.

नवी पट्टी लावायला गुडघ्यावर बसले
तर जुनी तिथंच होती, कडा काळ्या पडलेल्या,
झाडणाऱ्या मावशींच्या हातून कशीबशी वाचलेली.
दोन्हींमध्ये अंतर दोन मीटर.
अम्मी वाकून बघत होती.
'एवढंच?'

निलोफर चिमटा काढत होती बोटाचा.
'मध्ये एकदा जाऊन आलेय, अम्मी,' म्हणाली,
आणि पलीकडच्या शंकूकडे बोट केलं.
'तिथपर्यंत. परत.'